नालाकृती मूत्रपिंड आणि त्यातील विरळा कर्करोग

काही दिवसांपूर्वी आमच्या टपालात मध्य प्रदेशात राहणाऱ्या एका मराठी मातेचे पत्र आले. तिच्या बारा वर्षांच्या मुलीच्या पोटात अधूनमधून दुखत असे म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी करविली. अहवालात ‘हॉर्सशू किडनी’ असे दोन शब्द आढळले. डॉक्टरांनी धीर दिला. परंतु घरी आलेल्या एका पाहुण्यांनी अशा किडनीत पुढे कॅन्सर होतो असे ठामपणे सांगून टाकले. तेव्हापासून त्या घरातील वडीलधाऱ्यांची झोप उडाली आहे. हे खरे आहे काय, एवढेच त्या मातेने विचारले होते.

पाहुण्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही आणि खरेही नाही. अशा अर्धसत्याचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम त्या शब्दाचाच विचार करू. आमच्यापुढे असे इंग्रजी शब्द रोज येतात आणि त्यांना मराठी रूप देणे हे आमचे नित्याचे काम आहे. घोड्याच्या टापेस ठोकतात ती नाल आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. कित्येक घरांच्या चौकटीवर ती शुभ म्हणून ठोकलेली दिसते. त्या नालेचा आकार ध्यानी घेऊन आम्ही ‘नालाकृती मूत्रपिंड’ असा शब्द योजीत आहोत. सर्वसाधारण माणसाच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक स्वतंत्र मूत्रपिंड असते. काही व्यक्तींत ही दोन्ही मूत्रपिंडे जन्मतःच एकमेकांस जोडलेली असतात, आणि दहांपैकी नऊंहून अधिक जणांत हा जोड खालच्या टोकांशी असतो. त्यामुळे दोहोंचा मिळून नालेसारखा अर्धगोल तयार होतो. मधल्या भागास आपण सेतू म्हणू. हा सेतू कोणात केवळ तंतुमय पट्टीचा असतो, तर कोणात काम करणाऱ्या मूत्रपिंडाच्याच पेशींचा.

ही गोष्ट वाटते तितकी दुर्मिळ नाही. सुमारे पाचशे व्यक्तींमागे एकीचे मूत्रपिंड असे असते, आणि पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आहे. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्मास येतात. वरील प्रमाण लावले तर त्यांपैकी चाळीस हजारांच्या वर बालके हे वैशिष्ट्य घेऊन येतात असे म्हणावे लागेल. त्यांतील पुष्कळांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. इटलीतील शारीरशास्त्रज्ञ बेरेंगारियो दा कार्पी याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा मूत्रपिंडाचे वर्णन केले, ते शवविच्छेदनाच्या वेळी पाहून. त्या काळी जिवंत माणसाच्या पोटात डोकावण्याचे साधनच नव्हते.

असे का घडते, हे समजून घेण्यासाठी गर्भावस्थेच्या पहिल्या दोन महिन्यांकडे वळावे लागेल. आपली मूत्रपिंडे आज जेथे आहेत तेथे ती जन्म घेत नाहीत. गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास ती कटिभागात, म्हणजे बरीच खाली, एकमेकांच्या अगदी निकट तयार होऊ लागतात. पुढील काही आठवड्यांत ती वर सरकतात आणि सरकता सरकता स्वतःभोवती किंचित वळतात. वर जाताना त्यांना नवनव्या रक्तवाहिन्या मिळतात व जुन्या नाहीशा होतात. एखादे कुटुंब गाव सोडून दुसऱ्या गावी जाते आणि प्रत्येक मुक्कामी नव्या विहिरीचे पाणी भरते, तसाच हा प्रवास आहे. या प्रवासाच्या आरंभीच दोन्ही पिंडांची खालची टोके एकमेकांस चिकटली, तर पुढे अडचण येते. महाधमनीच्या पुढच्या अंगास आतड्याच्या खालच्या भागास रक्त पुरविणारी एक धमनी फुटते. वर सरकणारा सेतू या धमनीखाली अडकतो. तेथेच प्रवास थांबतो आणि वळणेही अर्धवट राहते. मूत्रपिंडातून मूत्र बाहेर पडण्याचे द्वार सामान्यतः आतल्या बाजूस असते, ते अशा व्यक्तीत पुढे तोंड करून राहते. परिणामी मूत्रवाहिनीला सेतूवरून उतरून मूत्राशयाकडे जावे लागते.

येथेच पुढील साऱ्या तक्रारींचे मूळ आहे. मूत्राचा निचरा मंद होतो, मूत्र तुंबते, तुंबलेल्या मूत्रात खडे धरतात आणि जंतूंना आसरा मिळतो. नालाकृती मूत्रपिंड असणाऱ्यांपैकी सुमारे पंचमांश व्यक्तींना मूतखड्याचा उपद्रव होतो. पोटात दुखणे, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणे, मूत्रपिंड फुगणे या गोष्टी कर्करोगापेक्षा कितीतरी अधिक संभवतात आणि त्या सर्वांवर उपाय आहेत. पाहुण्यांनी हे सांगितले असते तर बरे झाले असते.

आता कर्करोगाकडे वळू. प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडात सामान्यतः जो कर्करोग आढळतो, तो मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींपासून उद्भवतो. नालाकृती मूत्रपिंडात होणाऱ्या कर्करोगांपैकी निम्म्याच्या आसपास याच प्रकारचे असतात. परंतु नीट लक्ष द्या: हा कर्करोग नालाकृती मूत्रपिंड असणाऱ्यांना इतरांपेक्षा अधिक होतो असे दिसत नाही. आकार निराळा म्हणून हा धोका वाढत नाही. धोका वाढतो तो दुसऱ्या तीन प्रकारांचा, आणि ते मुळातच विरळा आहेत. मूळ संख्या फारच लहान असली म्हणजे ती दुप्पट झाली तरी लहानच राहते.

पहिला प्रकार बालकांचा. जर्मन शल्यचिकित्सक माक्स विल्म्स याने १८९९ मध्ये लहान मुलांच्या मूत्रपिंडातील अर्बुदांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे अर्बुद त्याच्या नावाने ओळखले जाते. (याच विल्म्सने १९१८ मध्ये घटसर्प झालेल्या एका फ्रेंच युद्धकैद्यावर शस्त्रक्रिया केली आणि तोच रोग जडून तो मरण पावला. शत्रुराष्ट्राच्या सैनिकासाठी जीव गमावणाऱ्या या वैद्याची आठवण या निमित्ताने व्हावी.) गर्भावस्थेत मूत्रपिंड घडविणाऱ्या पेशी जन्मानंतरही अपक्व राहिल्या तर त्यांतून हे अर्बुद वाढते. ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सुमारास लक्षात येते. अमेरिकेत १९६९ मध्ये या रोगाचा राष्ट्रव्यापी अभ्यास सुरू झाला. त्यातील साडेआठ हजारांवर बालरुग्णांपैकी ४१ जणांची मूत्रपिंडे नालाकृती होती. त्यावरून असे अनुमान निघाले की अशा मुलांत विल्म्सच्या अर्बुदाचा संभव इतर मुलांच्या साधारण दुप्पट असतो. एरवी हा रोग दहा हजार मुलांत एकाच्या आसपास होतो, हे ध्यानी घेतले म्हणजे ‘दुप्पट’ या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण उरत नाही.

दुसरा प्रकार प्रौढांचा. मूत्र ज्या मार्गाने वाहते, त्याच्या आतील अस्तरात हा कर्करोग होतो. नालाकृती मूत्रपिंडात त्याचे प्रमाण तीन-चार पट असल्याचे नमूद आहे. वर्षानुवर्षे तुंबणारे मूत्र, खडे व जंतुसंसर्ग यांनी अस्तराला सतत इजा होते, हे त्याचे कारण मानले जाते. ज्या गृहस्थाचे मूत्रपिंड असे आहे आणि जो वर बिडी वा सिगारेट ओढतो, तो आपल्या हाताने या धोक्यात भर घालीत असतो. कारण तंबाखूच्या धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून गाळली जाऊन याच मार्गाने बाहेर पडतात.

तिसरा प्रकार अत्यंत विरळा आणि अभ्यासकांना चकित करणारा आहे. त्यास ‘कार्सिनॉइड’ असे म्हणत. आता ‘न्यूरोएंडोक्राइन अर्बुद’ हे नाव रूढ झाले आहे. आतडी व फुप्फुसे यांत विखुरलेल्या, संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींपासून हे अर्बुद होते. निरोगी मूत्रपिंडात अशा पेशी आढळत नाहीत, मग मूत्रपिंडात हे अर्बुद येते कोठून? मूत्रपिंडात उद्भवलेल्या कार्सिनॉइडचा पहिला वृत्तांत १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर जगभरातून नोंदले गेलेले रुग्ण अद्यापि मोजकेच आहेत. तथापि त्या मोजक्यांतही नालाकृती मूत्रपिंड असणाऱ्यांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा कितीतरी मोठा निघाला. काही शास्त्रज्ञांच्या मते सेतू तयार होताना इतर भागांतील गर्भपेशी चुकून तेथे येऊन राहतात. दुसऱ्या काहींच्या मते दीर्घकालीन दाहामुळे अस्तराच्या पेशीच आपले रूप पालटतात. वाद मिटलेला नाही. समाधानाची गोष्ट अशी की हे अर्बुद बहुधा मंद गतीने वाढते आणि शस्त्रक्रियेने काढून टाकल्यास रुग्णास पुष्कळ वर्षांचे आयुष्य लाभू शकते. परंतु ते लसिकाग्रंथींत पसरू शकते, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही अनेक वर्षे तपासणी चालू ठेवावी लागते.

निदान कसे होते, हे वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे, कारण चुका होतात त्या येथे. सर्वांत मोठे लक्षण म्हणजे लघवीतून रक्त जाणे. बहुधा वेदना नसते. एक-दोन दिवस लघवी लालसर होते, मग आपोआप पूर्ववत होते, आणि माणूस समजतो की उष्णतेचा विकार होता, धन्याचे पाणी घेतले आणि बरे वाटले. असे रक्त थांबले म्हणजे रोग गेला असे कदापि समजू नये. ज्यांना पूर्वीपासून मूतखड्याचा त्रास आहे त्यांची फसगत अधिक होते. रक्त दिसले की घरचे म्हणतात, खडाच असेल. आणि कधी कधी घाईतला डॉक्टरही तेच म्हणतो. खडा असतोही. परंतु खड्याच्या शेजारी अस्तरात कर्करोग असू शकतो, आणि तो खड्याच्या आड महिनोन्‌महिने लपून राहतो. म्हणून चाळिशीनंतर लघवीतून रक्त गेल्यास, खडा सापडला तरी, लघवीतील पेशींची तपासणी आणि आवश्यक वाटल्यास दुर्बिणीने आतील पाहणी करून घेण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

लहान मुलांत लक्षण निराळे असते. आई किंवा आजी मुलाला तेल लावून आंघोळ घालीत असता पोटाच्या एका बाजूस टणक गोळा हाताला लागतो. मूल हसतखेळत असते, दुखत काही नाही. अशा वेळी गोळा पुनःपुन्हा दाबून पाहू नये आणि शेजारपाजारच्यांना दाखविण्यासाठी तर मुळीच दाबू देऊ नये. हे अर्बुद नाजूक असते. ते फुटले तर त्यातील पेशी पोटात सांडतात, रोगाची पायरी वाढते आणि मुलाला अधिक कडक उपचार सोसावे लागतात. पोट चोळणाऱ्याकडे न नेता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

सोनोग्राफी ही पहिली पायरी होय. परंतु सेतू पाठीच्या कण्यापुढे, आतड्यांच्या मागे असतो. आतड्यांतील वायूमुळे तो झाकला जातो आणि अहवालात दोन निरनिराळी मूत्रपिंडे असल्याचे लिहून येते. उलट प्रकारही घडतो: सडपातळ माणसाच्या पोटाच्या मध्यभागी लागणारा सेतू हाच अर्बुद किंवा सुजलेल्या गाठी आहेत असा भास होतो. म्हणून शंका असल्यास सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. करावा लागतो. आणखी एक सुंदर युक्ती आहे. किंचित किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून टोचले असता मूत्रपिंडाच्या जिवंत पेशी ते शोषून घेतात व विशेष कॅमेऱ्यास दिसू लागतात. गोळ्याने ते द्रव्य शोषले तर तो सेतूच असण्याचा संभव अधिक. न शोषले तर सावध व्हावे. कार्सिनॉइडसारख्या अर्बुदासाठी त्याच्या पेशींना चिकटणारे निराळे द्रव्य वापरून सर्व शरीराचे चित्र काढता येते. तथापि अर्बुद नेमके कोणत्या जातीचे, हा अखेरचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाचाच. या विरळा रोगांत तो निवाडा दुसऱ्या तज्ज्ञाकडून पडताळून घ्यावा असे सुचविल्यास कोणत्याही जाणत्या डॉक्टरास राग येत नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्यापुढे खरा पेच असतो तो रक्तवाहिन्यांचा. आपण पाहिलेच की गर्भाचे मूत्रपिंड प्रवासात नव्या रक्तवाहिन्या घेते व जुन्या सोडते. प्रवास अर्ध्यावर थांबल्याने कित्येक जुन्या वाहिन्या तशाच राहतात. एका बाजूस एकाऐवजी दोन, तीन वा अधिक धमन्या. एखादी महाधमनीच्या अगदी खालून, एखादी कटिभागातील धमनीपासून, तर एखादी थेट सेतूत शिरणारी. दोन रुग्णांचा नकाशा सारखा नसतो. म्हणून शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेपूर्वी सी. टी. यंत्राने धमन्यांची चित्रे काढवून घेतो आणि त्यांवर आपली वाट आखतो. सामान्यतः रोगग्रस्त बाजूचा अर्धा भाग काढतात, सेतू कापतात व कापलेली कड काळजीपूर्वक शिवतात. कारण सेतूत कार्यक्षम पेशी असल्यास तेथून मूत्र पाझरण्याचा धोका असतो. उरलेला अर्धा भाग निरोगी असेल तर तेवढ्यावर माणूस उत्तम प्रकारे जगू शकतो. अस्तराच्या कर्करोगात त्या बाजूची संपूर्ण मूत्रवाहिनी, मूत्राशयाच्या ज्या भागात ती उघडते त्यासह काढावी लागते.

विल्म्सच्या अर्बुदात मात्र घाईने सुरी चालवीत नाहीत. नालाकृती मूत्रपिंडात ते असल्यास अनेक केंद्रांत प्रथम काही आठवडे औषधे देऊन अर्बुद लहान करतात व मग ते काढतात. त्यामुळे निरोगी भाग अधिक वाचतो. या औषधांपैकी व्हिन्क्रिस्टिन हे सदाफुलीपासून मिळते. होय, आपल्या अंगणात बारमाही फुलणारी, मूळची मादागास्करची सदाफुली तीच. परंतु एवढ्यावरून कोणी तिची पाने वाटून मुलास पाजू नयेत. पानांतून हे द्रव्य अत्यल्प निघते, ते शुद्ध करावे लागते, आणि प्रमाण थोडे चुकले तरी मज्जातंतूंना अपाय होतो. दुसरे औषध डॅक्टिनोमायसिन. ते मातीतील सूक्ष्म जंतूंपासून मिळाले. गरजेनुसार किरणोपचारही देतात. केवळ शस्त्रक्रियेवर भिस्त होती त्या काळी या रोगाची बहुसंख्य मुले दगावत. आज साधनसंपन्न देशांत दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे हे यश सर्वत्र मिळत नाही. औषधे तीच आहेत. परंतु मूल उशिरा आणले जाते, किंवा गाठ लहान झालेली पाहून, अथवा पैसा व रजा संपल्याने, उपचार अर्धवट सोडून कुटुंब गावी परतते. सोडून गेलेले मूल परत येते तेव्हा रोग पुष्कळदा पुढे गेलेला असतो.

अशा रोगांसाठी अनुभवी केंद्र गाठावे हे उत्तम. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आणि चेन्नईतील अड्यार येथील कर्करोग संस्था १९५४ पासून कार्य करीत आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालामुळे देशातील अनेक रुग्णालये परस्परांशी जोडली गेली आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे व त्यात कर्करोगाचे उपचारही येतात. रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी करावी. पैसे संपल्यावर ती करणारे फार आढळतात.

त्या मातेस आम्ही काय कळविले? मुलीस टर्नर नावाचा गुणसूत्रांचा दोष असणाऱ्या मुलींत अशी मूत्रपिंडे अधिक आढळतात, म्हणून तिची उंची फारच खुंटली असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. पोटदुखीचे कारण निचऱ्यातील अडथळा आहे काय, हे मूत्ररोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. भरपूर पाणी पिऊ द्यावे, लघवी दाबून धरू देऊ नये, शाळेतही नाही. पुढील तपासण्या कधी व किती, हे तिचे डॉक्टर ठरवतील. दर महिन्यास सोनोग्राफी करवून घरात धास्ती वाढवू नये. आणि ‘हॉर्सशू किडनी’ हे दोन शब्द तिच्या कागदपत्रांच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत, म्हणजे उद्या ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली किंवा तिच्यावर पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर नव्या डॉक्टरास ते आरंभीच कळेल.

पत्राच्या तळाशी, बहुधा मुलीच्याच आग्रहावरून, आणखी एक ओळ होती. ती शाळेच्या खो-खो संघात आहे. तिला खेळू द्यावे काय? सेतू कण्याच्या पुढे असल्याने पोटावर जोराचा आघात त्याला सोसत नाही, म्हणून कुस्ती किंवा कराटे यांसारख्या खेळांविषयी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. खो-खोविषयीही एकदा विचारून घ्यावे, आणि त्यांची हरकत नसेल तर तिला खुशाल धावू द्यावे, असे आम्ही लिहिले आहे.